जिंकून शेवटी मिळतं काय?

कायद्याच्या शेवटच्या वर्षाची मुलं मला हमखास विचारतात: ‘रिट याचिका, म्हणजे सरकारी आदेशाला कोर्टात थेट दिलेलं आव्हान, जिंकलात तरी कोर्ट प्रकरण बऱ्याचदा त्याच अधिकाऱ्याकडे परत पाठवतं. तो पुन्हा तोच आदेश काढू शकतो. मग या कामात आयुष्य का घालवायचं?’ तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून सविस्तर सांगते.

अशा याचिका राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली होतात. तिथे उच्च न्यायालय अपील ऐकत नाही, हे खरं. निर्णय शहाणपणाचा होता का, यात ते सहसा शिरत नाही. अधिकाऱ्याला तो अधिकार होता का, समोरच्याचं ऐकून घेतलं का, कारणं दिली का, हे बघतं. तडीपारीचंच घ्या. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ५६ खाली माणसाला खटल्यात दोषी ठरवल्याशिवायही जिल्ह्याबाहेर घालवता येतं, दोन वर्षांपर्यंत. रोजगार जातो, मुलांची शाळा मागे राहते. त्याच्या हातात असते कलम ५९ ची नोटीस आणि तिला उत्तर द्यायची संधी. म्हणून मी नोटीस आणि आदेश शेजारी ठेवून ओळ न् ओळ वाचते. नोटिशीत नसलेला आरोप आदेशात उगवला असेल, तर त्यावर बोलायची संधी त्या माणसाला मिळालेलीच नसते.

प्रकरण परत गेलं की अधिकाऱ्याला या वेळी कारणं लिहावी लागतात. आदेश त्यात लिहिलेल्या कारणांवरच उभा राहिला पाहिजे, मागाहून प्रतिज्ञापत्रात नवी कारणं जोडता येणार नाहीत, हे मोहिंदर सिंग गिल खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगून ठेवलंय. कधी तोच आदेश पुन्हा येतो. कधी लिहिण्याजोगं कारणच सापडत नाही आणि फाइल तिथेच थांबते. माझ्या मते सरकारला लेखी कारण द्यायला लावणं हीच नागरिकाची मोठी ताकद आहे.

हरलेल्या खटल्यांचंही असंच. १९८५ च्या ओल्गा टेलिस निकालात मुंबईच्या फुटपाथवासीयांना तिथे राहण्याचा हक्क मिळाला नाही. पावसाळा संपेपर्यंत त्यांना हटवू नका, एवढाच तात्पुरता दिलासा मिळाला. पण उपजीविकेचा हक्क अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्कात येतो, हे त्याच निकालानं ठरवलं. फेरीवाले, झोपडीवासी, विस्थापित यांच्या याचिकांमध्ये आम्ही आजही त्याचा आधार घेतो.

पैशांचं पटकन सांगते. सुरुवातीची वर्षं सिनिअरच्या ऑफिसात याचिकांचे मसुदे करण्यात जातात, मिळकत तुटपुंजी असते. पुढे पेन्शन, बढती अशा सेवाविषयक केसेसवर ऑफिस चालतं. कोठडीतल्या माणसाच्या घरच्यांकडून फी घेणं मला जमत नाही.

आणि कधीकधी प्रकरण परत पाठवण्याचा प्रश्नच नसतो. ओडिशातल्या नीलाबती बेहेरा यांचा मुलगा पोलीस कोठडीत नेल्यानंतर रेल्वे रुळांवर मृत सापडला. त्यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं, त्याचीच याचिका झाली आणि १९९३ मध्ये राज्याला दीड लाख रुपये भरपाई द्यायचा आदेश झाला. दिवाणी दाव्याची वाट न पाहता भरपाई थेट रिटमध्ये मागता येते, हे या निकालानं पक्कं केलं. कोठडीतल्या मृत्यूची याचिका लिहायला बसले की मी पहिल्यांदा तो काढते.