पंधरा नावांची यादी

किमान वेतनाचा नवा दर लागू व्हायला नऊ दिवस उरले होते, त्या सकाळी मालकांनी मला केबिनमध्ये बोलावले आणि कमी करायच्या पंधरा कामगारांची यादी संध्याकाळपर्यंत तयार ठेवायला सांगितले. रुग्णालये आणि हॉटेले यांच्या चादरी, टॉवेल व गणवेश धुऊन देणाऱ्या आमच्या लॉन्ड्रीत पगारपत्रक आणि खर्चाचा हिशेब मी अकरा वर्षे सांभाळत होते. त्या वेळी आमच्याकडे ९६ कामगार होते. मालकांचा हिशेब सरळ होता. दर १८ टक्क्यांनी वाढणार, पगारावरचा एकूण खर्च मात्र आहे तेवढाच राहायला हवा, म्हणजे ९६ जणांपैकी जवळजवळ पंधरा जण कमी करावे लागणार. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. "तुम्हीच सांगा, दुसरा मार्ग आहे का?" असे त्यांनी खरोखरच विचारले होते, आणि त्या क्षणी माझ्याजवळ उत्तर नव्हते.

टेबलावर परत येऊन मी हजेरीपट आणि पगारपत्रक शेजारी ठेवले व एकेका नावापुढे जुना पगार, नवा किमान दर आणि दोहोंतला फरक लिहीत गेले. निम्मे पत्रक होण्याआधीच मालकांच्या हिशेबातली पहिली चूक हाती लागली. कायद्यातला दर १८ टक्क्यांनी वाढला, याचा अर्थ प्रत्येकाचा पगार १८ टक्क्यांनी वाढतो असा होत नाही. नव्या दराच्या खाली फक्त ६१ जण होते, आणि त्यांतलेही बरेच जण जुन्या किमान दराच्या थोडे वर असल्यामुळे त्यांना द्यावी लागणारी वाढ सरासरी ११ टक्केच निघाली. हे सगळे खालच्या पगाराचे लोक असल्याने एकूण पगारखर्चावर त्याचा भार सुमारे ६ टक्के पडत होता. पगार म्हणजे आमच्या एकूण खर्चाचे पाचातले दोन हिस्से, बाकीचा खर्च वीज, पाणी, वाफ, साबण आणि वाहतुकीचा. ज्या १८ टक्क्यांनी सकाळी केबिनमधली हवा जड केली होती, त्यांचा प्रत्यक्ष भार एकूण खर्चावर अडीच टक्क्यांच्या आत होता.

हा आकडा घेऊन तसेच वर जावे असे वाटले, पण त्याआधी मी घडीच्या टेबलाकडे गेले, आणि गेले हे बरे झाले. वाफेच्या रोलरमधून चादर बाहेर येते तेव्हा ती हाताला चटका देण्याइतकी गरम असते, आणि दोघींनी समोरासमोर उभे राहून ती थंड व्हायच्या आत चार घड्यांत बसवायची असते, नाहीतर सुरकुती पडते आणि चादर पुन्हा रोलरमध्ये जाते. त्या टेबलावर चौदा वर्षे काम केलेल्या एक मावशी आणि तीन आठवड्यांपूर्वी आलेली एक मुलगी समोरासमोर उभ्या होत्या. मावशींचे बोट कडेवरून एकदाच फिरे आणि कडा जुळे, तर मुलीला तीच कडा दोनदा-तीनदा ओढून जुळवावी लागे आणि मावशी तोवर हातातली बाजू धरून थांबत. मला पाहून त्यांनी काम न थांबवता विचारले, "मॅडम, पुढच्या महिन्यापासून हिचा आणि माझा पगार एकच होणार, खरं ना?"

खरे होते. चौदा वर्षांत थोडाथोडा वाढलेला त्यांचा पगार नव्या किमान दराच्या जेमतेम वर होता. त्यांना नव्या मुलीच्या वाढीचे वाईट वाटत नव्हते, हे मी जबाबदारीने लिहिते, कारण त्याच तिला हात धरून घडी शिकवत होत्या. पण चौदा वर्षांच्या कौशल्याची पगारपत्रकातली खूण पुसली जाणार होती. खालची पायरी उचलली की वरच्या दोन-तीन पायऱ्याही थोड्या उचलाव्या लागतात, हा खर्च कायदा सांगत नाही, पण टाळला तर सर्वांत कसलेले हात आधी निघून जातात. तो धरून पगारखर्चातली वाढ ६ वरून ९ टक्क्यांवर गेली, आणि एकूण खर्चातली सुमारे साडेतीन टक्क्यांवर.

दुपारी मी काम सोडून गेलेल्यांचे रजिस्टर उघडले. मागच्या वर्षभरात ४४ जण गेले होते, बहुतेक सगळे त्याच ६१ जणांच्या श्रेणीतले. नव्या माणसाचा हात बसायला चार आठवडे लागतात, तेवढ्या काळात काम निम्मे होते, उरलेले ओव्हरटाइम देऊन इतरांकडून करून घ्यावे लागते. एका माणसाच्या जाण्याची किंमत साधारण त्याच्या एका महिन्याच्या पगाराएवढी पडत होती, आणि ती ओव्हरटाइमच्या रकान्यात विखुरलेली असल्यामुळे कुणाच्या नजरेला पडत नव्हती. जाणाऱ्यांची संख्या निम्मी झाली तर पगारखर्चातला सुमारे दीड टक्का परत येत होता, म्हणजे एकूण खर्चातली वाढ सुमारे तीन टक्क्यांवर येत होती.

त्याच रजिस्टरमध्ये आणखी एक गोष्ट होती: दिवसपाळीतल्या पाच जागा वर्षभर रिकाम्या होत्या. काम होते, माणूस हवा होता, तरी जागा भरत नव्हती. जाहिरातीत पगार थोडा वाढवला असता तर माणसे आली असती, पण नव्याला जास्त दिले की टेबलावरच्या सगळ्यांनाच द्यावे लागेल या धास्तीने मालक जागा रिकामी ठेवणे पसंत करत. अर्थशास्त्रज्ञ जोन रॉबिन्सन यांनी १९३३ मध्ये मांडलेला युक्तिवाद नेमका हाच आहे: मजूर घेणाऱ्याची पकड घट्ट असेल तर तो मजुरीही कमी ठेवतो आणि माणसेही कमी घेतो, आणि अशा ठिकाणी किमान दर बेताने वाढला तर रोजगार घटण्याऐवजी वाढूही शकतो. शिकताना हे मला कागदावरची आकृती वाटले होते. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याने १ एप्रिल १९९२ रोजी किमान दर ताशी ४.२५ वरून ५.०५ डॉलर केला, तेव्हा अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर यांनी तिथल्या आणि शेजारच्या पूर्व पेनसिल्व्हेनियातल्या ४१० फास्ट फूड उपाहारगृहांची पाहणी केली आणि न्यू जर्सीत रोजगार घटल्याचे त्यांना आढळले नाही. त्यावर पुढे कडाक्याचा वाद झाला, पगारनोंदींवरून उलट निष्कर्षही काढले गेले, आणि २०२१ मध्ये कार्ड यांना नोबेल मिळाले तरी तो वाद पुरता मिटलेला नाही. माझ्यापुरते सांगायचे तर त्या पाच रिकाम्या रकान्यांमुळे मला त्या पाहणीचा अर्थ कळला.

पाच वाजता मी यादीऐवजी दोन पानांचा हिशेब घेऊन गेले. मालकांनी तो दोनदा वाचला आणि एकच प्रश्न विचारला, "उरलेले तीन टक्के कोण भरणार?" प्रश्न रास्त होता. हंगेरीत २००१ आणि २००२ मध्ये किमान वेतन फार मोठ्या प्रमाणात वाढवले गेले, त्याच्या अभ्यासात असे दिसले की वाढीव खर्चाचा सुमारे पाऊण भाग ग्राहकांनी चढ्या किमतींतून उचलला आणि पाव भाग मालकांच्या नफ्यातून गेला. पण जिथे किंमत वाढवणे शक्य नव्हते, विशेषतः निर्यात करणाऱ्या उद्योगांत, तिथे नोकऱ्याही जास्त गेल्या. मी आमचे ग्राहक त्याच कसोटीवर लावले होते. रुग्णालयांना चादरी रोज हव्यात आणि आमच्या सर्व स्पर्धकांना नवा दर तितकाच लागू आहे, त्यामुळे रुग्णालये आमच्या धुलाईच्या दरातली वाढ मान्य करतील. एका हॉटेल समूहाबद्दल मात्र मला खात्री नव्हती, कारण स्वतःची यंत्रे बसवण्याची भाषा ते आधीपासून करत होते. मालक बराच वेळ खिडकीकडे पाहत राहिले, मग म्हणाले, "यादी राहू द्या." त्या दिवशी घरी जाताना मी फार समाधानी होते.

पुढे रुग्णालयांनी दरवाढ मान्य केली, आणि रिकाम्या पाच जागांपैकी तीन महिनाभरात भरल्या. हॉटेल समूहाने मात्र टॉवेलचे काम काढून घेतले. ते काम सायंपाळीत होई. कुणालाही कमी केले गेले नाही, पण सायंपाळीतल्या सर्वांत नव्या चौघींचे काम आठ तासांवरून सहा तासांवर आले. माझ्या दोन पानांत माणसे मोजली होती, दर मोजला होता, तास मोजले नव्हते. अमेरिकेतल्या सिॲटलमध्ये २०१६ साली किमान दर ताशी १३ डॉलरपर्यंत गेला तेव्हा कमी पगाराच्या कामगारांचे तास घटले, हेच तिथल्या विद्यापीठाच्या गटाने दाखवले होते. त्यांच्या पुढच्या अभ्यासात वाढीचा लाभ जवळजवळ सगळा आधीपासूनच्या अनुभवी कामगारांच्या पदरात पडलेला आढळला. हे मी वाचलेले होते, आणि तरीही तो रकाना माझ्या कागदावर नव्हता.

पगाराच्या दिवशी घडीच्या टेबलावरची तीच मुलगी, आता सायंपाळीत गेलेली, पगाराची चिठ्ठी घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. "मॅडम, दर वाढला ना? मग हातात कमी कसे?" मी तिला शेजारी बसवून चिठ्ठीच्या पाठीवर हिशेब करून दाखवला: दर १८ टक्क्यांनी वाढला, तास पाव हिश्शाने घटले, म्हणून पूर्वीच्या १०० च्या जागी साडेअठ्ठ्याऐंशी. तिने पेन्सिल माझ्या हातून घेतली, आकडेमोड स्वतः पुन्हा केली आणि साडेअठ्ठ्याऐंशीभोवती गोल काढला. मी ती चिठ्ठी तिच्या परवानगीने झेरॉक्स करून मालकांकडे नेली. दिवसपाळीत अजून रिकाम्या असलेल्या दोन जागांवर त्या चौघींपैकी दोघींना आठ तासांसाठी घेतले गेले, आणि त्यांत ती होती. बाकीच्या दोघी आजही सहा तासांवर आहेत.