पोर्ट स्टीफन्स: प्रवाहावर जगणारं पोवळं आणि नांगराची साखळी

पोर्ट स्टीफन्समध्ये डायव्हिंग करायचं तर घड्याळ नाही, भरतीचं वेळापत्रक बघायचं. सिडनीच्या उत्तरेला, गाडीने अडीचेक तासांवर हे आखात आहे. त्याच्या तोंडातून पाणी आत-बाहेर करताना इतक्या जोरात धावतं की अवेळी उतरलात तर वाहूनच जाल. म्हणून सगळे भरती पूर्ण व्हायची वाट बघतात. थोडा वेळ पाणी थांबतं. बाहेरचं स्वच्छ पाणी आत आलेलं असल्याने दिसतंही चांगलं.

मी आले होते ते एका मऊ पोवळ्यासाठी. शास्त्रीय नाव डेंड्रोनेफ्थिया ऑस्ट्रालिस, बोली नाव कॉलिफ्लॉवर सॉफ्ट कोरल. ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय किनाऱ्याखेरीज ते कुठेच नाही आणि त्याची सगळ्यात मोठी वस्ती या आखातातच होती. ‘होती’ असंच म्हणावं लागतं. २०११ ते २०१९ या काळात इथल्या वस्तीचा सुमारे दोन तृतीयांश भाग नाहीसा झाला. आज न्यू साउथ वेल्स राज्याच्या आणि देशाच्याही, दोन्ही याद्यांमध्ये ते संकटग्रस्त म्हणून नोंदलेलं आहे.

आखाताकाठच्या नेल्सन बे गावच्या किनाऱ्यावरून चालतच पाण्यात शिरलो. खाली वाळूच वाळू. मग फिकट जांभळ्या फांद्यांचा पहिला झुपका दिसला आणि मी तळाला पोट न टेकवता जमेल तितकी जवळ गेले. फांद्या जवळपास पारदर्शक. आतल्या चुन्याच्या बारीक सुया बाहेरून दिसतात. टोकांना पॉलिप्सचे, म्हणजे पोवळं ज्यांचं बनतं त्या इवल्या जिवांचे घोस, प्रत्येकाला आठ शुंडके. दगडी पोवळ्यासारखा सांगाडा याला नाही, अंगात भरलेलं पाणी आणि त्या सुया यांच्या बळावरच ते उभं राहतं. प्रवाह वाहत असला की फुलतं, थांबला की आक्रसून बसतं. त्याच्या अंगात शैवालही नसतं, त्यामुळे उन्हातून अन्न मिळत नाही. वाहत्या पाण्यातून जे सूक्ष्म जीव येतील तेवढंच त्याचं खाणं. म्हणून जिथे प्रवाह जोराचा तिथेच त्याचं घर.

हे नीट समजलं तेव्हाच पुढचं कळलं. ज्या प्रवाहावर हे पोवळं जगतं, तोच प्रवाह तंगुसाला, म्हणजे गळाच्या नायलॉन दोरीला, आणि नांगराला बळ देतो.

तंगुसाचं उदाहरण अगदी डोळ्यांसमोर होतं. पोवळ्याच्या एका झुपक्याच्या, म्हणजे वसाहतीच्या, बुंध्याला नायलॉनची दोरी दोन-तीन वेढे घेऊन अडकली होती, खाली शिशाचं वजन वाळूत रुतलेलं. पाणी जरा हललं की दोरी ताणली जायची, मग सैल पडायची. दिवसरात्र हेच चाललं की ती करवतीसारखी मांस कापत जाते. वेढ्याखालचा भाग पांढुरका पडला होता, वरच्या दोन फांद्या गळाल्या होत्या. आमच्या गाइडबाईंनी कात्री काढली. दोरी ओढायची नाही, त्यांनी वरतीच बजावलं होतं, ओढली की उरलेलं पोवळंही सुटून हातात येतं. दोन्ही बाजूंनी जवळ कापायचं आणि जे आत रुतलंय ते तसंच ठेवायचं. त्या एका दोरीला आमची बरीच हवा खर्ची पडली. मला ती हवा सत्कारणी लागली असं मनापासून वाटतं.

नांगराचं नुकसान असं समोर दिसत नाही, आणि मला ते जास्त गंभीर वाटतं. नांगर पडतो तेव्हा खालचं पोवळं उखडतंच, पण खरा घात साखळी करते. होडी नांगरावर स्थिर राहत नाही, वाऱ्याबरोबर फिरते. शिवाय दर सहा तासांनी प्रवाह उलटतो, की होडीही उलट दिशेला जाते आणि तळावर पडलेली साखळी कमानीत सगळं झाडून नेते. वरून बघणाऱ्याला वाटतं, खाली नुसती वाळू आहे, वाळूत नांगर टाकायला काय हरकत? शिकवतातही तसंच: खडक टाळा, वाळूत टाका. इथे मात्र पोवळं वाळूवरच उगवतं.

सगळा दोष माणसांच्या होड्यांवर टाकणं योग्य नाही. इथल्या तळाची वाळू सरकते, काही ठिकाणी वसाहती तिच्याखाली गाडल्या गेल्या. पण वाळू थांबवणं आपल्या हातात नाही. साखळी आहे.

आणि यात केवळ पोवळ्याचं नुकसान नाही. या फांद्यांमध्ये व्हाइट्स सीहॉर्स हा समुद्रघोडा शेपटी गुंडाळून राहतो, तोही संकटग्रस्त आहे. स्नॅपर माशाची पिल्लं इथेच आसरा घेतात. गळ टाकून बसणाऱ्यांना मोठेपणी हवा असतो तोच हा स्नॅपर! मासेमारीला विरोध म्हणून मी हे सांगत नाही. मासेमारी करणाऱ्यांचाही यात तोटा आहे, एवढंच.

उपाय अवघड नाहीत. फ्लाय पॉइंटच्या राखीव पट्ट्यात मासेमारीला बंदी आहे, ते क्षेत्र २००५ साली जाहीर झालेल्या सागरी उद्यानात मोडतं. होड्यांसाठी तळात स्क्रूसारखे पिळून बसवलेले मुरिंग, म्हणजे नांगर न टाकता होडी बांधायचे कायमचे खुंट, मिळतात. त्यांची दोरी लवचीक असते आणि पाण्यात वरच राहते, तळाला घासत नाही. समुद्री गवत वाचवायलाही हेच मुरिंग वापरतात. संशोधक टाकीत वाढवलेली पोवळी पुन्हा आखातात लावून बघताहेत. पण लावलेल्या रोपावर पुढच्या सुट्टीत कुणी नांगर टाकला तर सगळी मेहनत वाया. म्हणून आधी पोवळ्याच्या पट्ट्यात नांगर टाकायला मनाई करावी, बोये, म्हणजे तरंगत्या खुणा, बांधून हद्द दाखवावी, आणि लागवड त्यानंतर. गळ टाकणाऱ्यांनीही दोरी अडकली की ती कापून तिथेच सोडू नये, जमेल तेवढी परत गुंडाळून घरी न्यावी.