गुळाला पाणी सुटलं

आषाढात कोल्हापुरात गुळाला पाणी सुटतं. सुटतंच. डब्याचं झाकण कितीही घट्ट लावा. दुपारी चहाला म्हणून उघडावा तर ढेपेचा तुकडा घामेजलेला आणि बुडाशी तपकिरी चिकट थारोळं. शेजारच्या डब्यातली साखर त्या मानानं कोरडी. आई म्हणते, पाणी सुटलं म्हणजे गूळ अस्सल. मी म्हणतो हा फ्रुक्टोजचा उद्योग, पण मनातल्या मनात.

ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या दोन साध्या साखरा, दोघांतही सहा कार्बन, बारा हायड्रोजन, सहा ऑक्सिजन. ग्लुकोजच्या सरळ साखळीत दुहेरी बंधाचा ऑक्सिजन टोकाच्या कार्बनवर, फ्रुक्टोजमध्ये तो एक घर आत सरकलेला. फरक एवढाच. एक पाण्याचा रेणू सोडून दोघं जोडली गेली की झाली आपली साखर. त्यात ग्लुकोजचं कडं सहा कोनांचं, फ्रुक्टोजचं पाच कोनांचं. एकाच घरातल्या जावाच म्हणा. जोडीनं असल्या की स्फटिकात शहाण्यासारख्या बसतात, वेगळ्या निघाल्या की धाकटी, म्हणजे फ्रुक्टोज, दिसेल तिथलं पाणी ओढत सुटते. गुळात अशी वेगळी निघालेली साखर बऱ्यापैकी असते.

हे कॉलेजात कळलं. मामाच्या गावच्या गुळव्याला ते आधीपासून ठाऊक होतं.

पन्हाळ्याच्या वाटेवरचं गाव, दिवाळीनंतरची थंडी. चुलवाणात चिपाडं ढकलणारा घामानं निथळतोय, काहिलीत रस उसळतोय. रानभेंडीचं चिकट पाणी ओतलं की मळी वर यायची, ती काढायची. मग चिमूटभर चुना, रसाचा आंबटपणा मारायला. आंबट रस तापला की त्यातली साखर फुटते आणि गूळ धड बसत नाही. गुळव्या बोलायचा कमी. उकळता पाक गार पाण्यात टाकून बोटांत गोळी वळायचा, तिच्याकडं बघायचा, परत पाण्यात टाकायचा. थर्मामीटर वगैरे काही नाही. ऊस तोडून पडून राहिलेला असला की मात्र त्याची जीभ सुटायची. "चार दिस उन्हात टाकलायसा, आन आता बसंल व्हय ह्यो?" नाहीच बसायचा.

आम्हा पोरांचा डोळा काकवीवर. ती साधारण १०६ अंशांना उतरवतात, गूळ व्हायला आणखी दहा-बारा अंश चढावं लागतं. तेवढी वाट कोण बघतो? काकवी पोळीशी खाणाऱ्या माणसाबद्दल माझं मत तेव्हापासून बरं नाही. भाकरी पाहिजे, तीही सकाळची.

तर फिशर. एमिल फिशर या जर्मन माणसानं १८९१ पर्यंत ग्लुकोजची मांडणी कागदावर उभी केली. कुठल्या कार्बनवरचा हात, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी, उजवीकडं, कुठला डावीकडं, हे सगळं काचेच्या नळ्यांत पिवळे स्फटिक पाडून पाडून. मुळात मात्र एक हात उजवीकडं धरायचा की डावीकडं हे कळायला त्याच्याकडं मार्गच नव्हता; त्यानं उजवा धरला. १९०२ साली नोबेल मिळालं, १९१९ ला तो गेला, आणि १९५१ साली क्ष-किरणांनी सांगितलं की उजवाच बरोबर. मला या गोष्टीचं फार बरं वाटतं. का, ते सांगता येत नाही.

माझे थोरले काका शाहूपुरीत गुळाच्या अडतीत दिवाणजी होते. शाहू महाराजांनी वसवलेली पेठ म्हणून त्यांना तिचा केवढा अभिमान. मधुमेह निघाल्यावर काकांनी त्या दिवसापासून साखर तोडली. चहा गुळाचा, लाडू गुळाचा, जेवणानंतर खडा गुळाचा. मी एकदा वहीच काढून बसलो. गुळातही बहुतेक साखरच असते, आतड्यात तिचे दोन तुकडे पडतात, त्यातलं ग्लुकोज सरळ रक्तात जातं, तुमच्या बोटाच्या थेंबात मोजतात ते हेच. काकांनी सगळं नीट ऐकून घेतलं. "व्हय, पण ते साखरेचं झालं," म्हणाले.

पुढं उजव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. दवाखान्यात भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगत होते, साखरेला हात लावत नाही मी.