दोन आसनांची एएमएक्स

विस्कॉन्सिनमधल्या केनोशाच्या कारखान्यात बनलेली अमेरिकन मोटर्सची दोन आसनी एएमएक्स १९६८ ते १९७० अशी तीनच वर्षे निघाली आणि १९,१३४ गाड्यांवर तिचे उत्पादन थांबले. कंपनीच्याच चार आसनी जॅव्हेलिन गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर १२ इंचांनी कमी करून, मागची आसने वगळून घडवलेल्या या गाडीत ३९० घनइंचांचे, ३१५ अश्वशक्तीचे व्ही-८ इंजिन घेण्याची सोय होती.

माझ्या शेजाऱ्यांनी अशीच १९६९ची एक गाडी दुरुस्तीला घेतली, तेव्हा गालिचा उचलताच पायाखालचा पत्रा पापडासारखा चुरला. हिला वेगळी चौकट नाही, सारा भार अंगच्या पत्र्यावरच असल्यामुळे गंजलेला भाग कापून नवा जोडण्याआधी सांगाड्याला आधार द्यावा लागतो, नाहीतर दारे पुन्हा नीट लागत नाहीत. रंगाची चमक त्यानंतरची गोष्ट. कंपनी १९८७मध्ये क्रायस्लरने विकत घेतल्याने सुटे भाग बरेचदा जुन्या गाड्यांतून काढावे लागतात. डॅशबोर्डवरच्या धातूच्या पट्टीवर कोरलेल्या क्रमांकाचे शेजाऱ्यांना भारी कौतुक. तो चासी क्रमांकाशी जुळत नाही, हे मी त्यांना अजून सांगितलेले नाही.