बुधवारचे खहाक्तबाल

नेदरलँड्समध्ये 'वून्सदाख, खहाक्तदाख' म्हणतात, म्हणजे बुधवार खिम्याचा. उट्रेख्टला शेजारच्या आजींनी मला हे खहाक्तबाल, म्हणजे खिम्याचे गोळे, शिकवले, तेही बुधवारीच.

अर्धा किलो 'हाफ-ऑम-हाफ' खिमा, म्हणजे निम्मं बीफ, निम्मं पोर्क. त्यात एक अंडं, बारीक चिरलेला कांदा, चमचाभर मस्टर्ड, मीठ, मिरी आणि दुधात भिजवलेली दोन बेस्खाउट; हे इथले गोल, खुसखुशीत टोस्ट. जायफळ मात्र ताजं किसून, सढळ हाताने. आमच्या घरी जायफळ निघायचं ते श्रीखंडाला नाहीतर पुरणाला. खिम्यातून तो वास आला आणि मला एकदम आईचं स्वयंपाकघर आठवलं.

चार मोठे गोळे करते. लोण्याचा फेस बसला की मगच ते सोडायचे, सगळीकडून छान तपकिरी करायचे. मग कपभर पाणी, झाकण, मंद आचेवर अर्धा तास. घाई केली तर मधे कच्चे राहतात. तळाशी उरतो तो 'जू', माझ्यासाठी सगळ्यात मोलाचा. कुस्करलेल्या बटाट्यात खळगा करून त्यात तो ओतायचा.

उरलेला गोळा दुसऱ्या दिवशी कापून, मस्टर्ड लावून पावात. त्यासाठी लेक मला एक जास्तच करायला लावते.