लिनक्सला व्हायरस येत नाही म्हणे?

सांगलीत गेली वीसेक वर्षं माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. लॅपटॉप टेबलावर ठेवून माणूस निघतो, दारात थबकतो आणि विचारतो, "दादा, खरं सांगा, विंडोजच ठेवू का मॅक घेऊ? आणि लिनक्सला व्हायरस येतच नाही म्हणतात, ते खरं का?" दुकानात गर्दी असली की मी म्हणतो, "आधी बॅकअप घ्या." आज गर्दी नाही आणि तुम्ही विचारलंत, म्हणून जरा बैजवार सांगतो.

लिनक्स म्हणजे विंडोजसारखीच कॉम्प्युटर चालवणारी, पण फुकट मिळणारी सिस्टीम. तिची ही कीर्ती पसरवण्यात माझाही हात आहे. शॉर्टकट व्हायरसचे दिवस आठवत असतील. झेरॉक्सच्या दुकानातून पेनड्राइव्ह परत आला की आतले फोल्डर गायब आणि त्यांच्याच नावाचे शॉर्टकट हजर. त्यावर डबल क्लिक केलं की आपलं मशीनही गेलं. माझ्याकडे एक जुना डबा कॉम्प्युटर होता, त्यावर उबंटू नावाचं लिनक्स टाकलेलं. पेनड्राइव्ह त्याला लावला की लपवलेले फोल्डर सरळ दिसायचे आणि व्हायरसची फाईल बाजूला मुकाट पडलेली असायची. ती विंडोजसाठी लिहिलेली, इथे चालणार कशी? मी ती डिलीट करून पेनड्राइव्ह परत द्यायचो आणि वर फुशारकी मारायचो, "बघा, लिनक्सला काही होत नाही."

खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं. घरोघरी विंडोज, म्हणून चोरही विंडोजचेच जास्त. लिनक्सचा खरा फायदा वेगळा आहे. तिथे रोजचं काम साध्या खात्यातून चालतं, सिस्टीमला हात लावायचा तर पासवर्ड द्यावा लागतो. सॉफ्टवेअर हवं असेल तर ते लिनक्सवाल्यांच्याच भांडारातून येतं, गुगलवर 'फ्री डाउनलोड' शोधत भलत्या दारात जावं लागत नाही. साधं खातं विंडोजमध्येही करता येतं. ॲडमिनचं वेगळं, रोजचं वेगळं. वीस वर्षांत असं केलेली घरं मी बोटांवर मोजली आहेत, आणि त्यातलं एक माझं.

आणि ते भांडारही बाटू शकतं. मार्च २०२४ची गोष्ट. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरला जाणवलं की लिनक्स मशीनवर दुरून लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय. दुसऱ्या कुणी सोडून दिलं असतं, हा खोदत बसला. निघालं असं, की त्या भांडारातल्या एक्सझेड नावाच्या, फाईल दाबून लहान करायच्या साधनात कुणीतरी चोरदरवाजा बसवला होता. 'जिया टॅन' या नावाने वावरणाऱ्याने दोनेक वर्षं निमूट मदत करून विश्वास कमावला होता आणि मग डाव टाकला. तो चोरदरवाजा मुख्यतः चाचणीच्या आवृत्त्यांपर्यंतच पोचला होता, म्हणून निभावलं. गंमत म्हणजे हा फ्रॉइंड नोकरीला मायक्रोसॉफ्टमध्ये! कोड सगळ्यांना उघडा होता म्हणून त्याला तळाशी जाता आलं, हे लिनक्सचं पुण्य. पण उघड्या कोडकडे कुणी बघत होतं का, तर फारसं कुणी नाही.

मॅकबद्दल थोडक्यात. यंत्र आणि सिस्टीम एकाच कंपनीची, त्यामुळे अपडेट वेळेवर येतात आणि डिस्कला कुलूप घालणं सोपं. पैसे असतील आणि विंडोजवरच चालणारं टॅली लागत नसेल तर खुशाल घ्या. अभेद्य मात्र समजू नका. नोव्हेंबर २०१७मध्ये उघडकीला आलं की त्यांच्या तेव्हाच्या ताज्या आवृत्तीत नावाच्या जागी 'रूट' लिहून पासवर्ड कोरा ठेवला आणि दोन-चारदा बटण दाबलं तरी मशीनचा पूर्ण ताबा मिळत होता. दुसऱ्याच दिवशी दुरुस्ती आली, हेही सांगायला हवं.

आता विंडोज, म्हणजे माझं पाप.

डोंगलचे दिवस होते. महिन्याला दोन-तीन जीबी नेट, आणि विंडोज सेव्हन ते अपडेटमध्ये पिऊन टाकायचं. गिऱ्हाईक कुरकुरायचं. मग नवं मशीन देतानाच मी अपडेट बंद करून द्यायचो, न सांगता. सेवा म्हणून! १२ मे २०१७, शुक्रवार. वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर व्हायरस सुटला. ब्रिटनमधली सरकारी इस्पितळं अडली, आपल्याकडे आंध्र पोलिसांचे कॉम्प्युटर अडकले. फायली कुलूपबंद, आणि पडद्यावर तीनशे डॉलरची मागणी. ज्या भोकातून तो शिरत होता ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेलं होतं. बळी पडलेली बहुतेक मशीनं विंडोज सेव्हनची होती. म्हणजे मी विकली होती तसलीच.

शनिवार-रविवार मी वही उघडून गिऱ्हाइकांकडे स्कूटरवर फिरलो. "काका, जरा बघून जातो, चार्ज नाही." कुणाला काही बोललो नाही. माझ्या गिऱ्हाइकांतलं कुणी सापडलं नाही, हे निव्वळ नशीब. पुढच्याच महिन्यात नॉटपेट्या नावाचा दुसरा व्हायरस आला आणि न्हावाशेवा बंदरातलं मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाचं टर्मिनल ठप्प झालं. तो त्याच भोकाचा फायदा घेत होता, पण आत पसरायला चोरलेले पासवर्डही वापरायचा. अपडेट करायचं एक जुनं मशीन राहून गेलं तरी त्याला पुरायचं.

म्हणून हल्ली 'कुठली सिस्टीम' या प्रश्नावर मी उलट विचारतो, शेवटचं अपडेट कधी झालं? आणि विंडोज विकतचं आहे की 'केलेलं'? फुकटात ॲक्टिव्हेट करून देणारी ती छोटी फाईल आधी काय सांगते? अँटिव्हायरस बंद करा. घरात शिरणारा पाहुणा म्हणतो, कुत्रा बांधून ठेवा, आणि आपण बांधतो. विंडोज एटपासून डिफेंडर हा मायक्रोसॉफ्टचा अँटिव्हायरस आतच येतो आणि घरगुती कामाला तो पुरे, असं माझं मत. अँटिव्हायरस विकण्यात मला कमिशन मिळतं, तरी सांगतो.

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज टेनचा मुख्य आधार संपला. सुरक्षा अपडेट आणखी एक वर्ष घ्यायची सोय आहे, पण त्यासाठी नाव नोंदवावं लागतं. इलेव्हन सरळ मार्गाने चढवायचं तर टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते आणि इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीचा प्रोसेसर. त्याआधीचे धडधाकट लॅपटॉप त्यामुळे बाद ठरले. टॅली, श्रीलिपी, डिजिटल सहीचं टोकन असला रोजचा धंदा असेल तर मी गिऱ्हाइकाला नवं मशीन घ्यायला सांगतो. ज्याला फक्त ब्राउझर, पीडीएफ आणि नातवाशी व्हिडिओ कॉल एवढंच लागतं, त्याच्या मशीनला एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, बसवून मिंट नावाचं लिनक्स टाकून देतो.

असाच एक लॅपटॉप एका निवृत्त गुरुजींना करून दिला. पंधरा दिवसांनी हसत हसत आले. म्हणे, "कंपनीतून बोलतोय, तुमच्या विंडोजमध्ये व्हायरस आहे" असा फोन आला. समोरचा सांगत होता, स्टार्ट दाबा, हे उघडा, ते उतरवून घ्या. गुरुजींना एकही गोष्ट सापडेना. शेवटी म्हणाले, "अहो, माझ्याकडे विंडोज नाहीच. सांगलीच्या दुकानदाराने मिंट घालून दिलंय." तिकडून फोन कट.

तेव्हापासून गुरुजी कट्ट्यावर सगळ्यांना सांगतात, लिनक्सला व्हायरस येत नाही. परवा सहज त्यांचा अँड्रॉइड मोबाइल, तोही आतून लिनक्सच, मागून घेतला आणि सेटिंग उघडलं. शेवटचं सुरक्षा अपडेट २०२१चं. बँकेचं ॲप त्याच्यातच होतं.