४८२ व्हिसा: स्पॉन्सर मिळाला, पण नॉमिनेशन वाचलंत का?

ऑस्ट्रेलियातली कंपनी स्पॉन्सर करायला तयार झाली की इकडे नोटीस पीरियड मोजायला सुरुवात होते. कृपा करून एवढी घाई करू नका. ७ डिसेंबर २०२४ला नोकरीसाठीचा जुना टीएसएस (टेम्पररी स्किल शॉर्टेज) व्हिसा बंद झाला आणि ‘स्किल्स इन डिमांड’ आला. क्रमांक तोच, ४८२. आपण त्याला एक व्हिसा म्हणतो, पण प्रत्यक्षात ते तीन अर्ज असतात. कंपनीने स्पॉन्सर म्हणून मान्यता घ्यायची, मग त्या ठरावीक जागेसाठी तुमचं नॉमिनेशन करायचं आणि शेवटी तुम्ही व्हिसा मागायचा. सगळे धास्ती घेतात ती तिसऱ्या अर्जाची, पण गाडी अडते दुसऱ्यावर.

स्पॉन्सरची मान्यता मिळणं त्या मानाने सोपं असतं. व्यवसाय कायदेशीर आणि चालू हवा. मान्यता ५ वर्षांची असते. तेवढ्यावर तुमचं काहीच पक्कं होत नाही.

नॉमिनेशनमध्ये पहिला घोळ पगाराचा होतो. कोअर स्किल्स प्रवाहात, म्हणजे या व्हिसाच्या एका प्रकारात, १ जुलै २०२५ पासून किमान ७६,५१५ डॉलर वार्षिक पगार लागतो. हा आकडा दर १ जुलैला बदलतो आणि नॉमिनेशन दाखल होतं त्या दिवशीचा आकडा धरतात. त्यात सुपर, म्हणजे तिकडचा पीएफ, धरत नाहीत. आपल्याकडे सीटीसी ऐकायची सवय असल्यामुळे नेमकं इथेच फसायला होतं. ऑफर लेटरमध्ये ‘८४,००० सुपरसकट’ असेल तर १२ टक्के सुपर वजा जाता मूळ पगार उरतो ७५,०००, म्हणजे अर्ज गेला. सुपरसकट पॅकेज साधारण ८५,७०० तरी हवं. शिवाय त्याच गावात त्याच कामाला ऑस्ट्रेलियन माणसाला ९०,००० मिळत असतील, तर तुम्हालाही तेवढेच द्यावे लागतात. किमान आकडा गाठला म्हणून ही अट सुटत नाही.

दुसरा घोळ जाहिरातींचा. स्थानिक माणूस मिळत नाही हे दाखवायला कंपनीला निदान दोन जाहिराती द्याव्या लागतात, त्याही नॉमिनेशनच्या आधीच्या ६ महिन्यांत, आणि अर्ज घेणं २८ दिवस चालू ठेवावं लागतं. पगार ९६,४०० डॉलरच्या खाली असेल तर तो जाहिरातीत छापावाच लागतो. छोट्या कंपन्या २५ दिवसांत जाहिरात उतरवतात किंवा पगाराच्या जागी ‘आकर्षक वेतन’ लिहितात. अशी जाहिरात मागाहून दुरुस्त करता येत नाही. ती नव्याने द्यायची आणि पुन्हा २८ दिवस थांबायचं.

तिसरी गोष्ट पदाच्या नावाची. नाव सरकारच्या मान्य व्यवसायांच्या यादीतलं आणि काम भलतंच, असं चालत नाही. नॉमिनेशन ‘शेफ’चं असेल आणि कामाच्या वर्णनात गल्ला सांभाळणं, ऑर्डर घेणं असेल, तर ही जागा खरी आहे का, असा प्रश्न येणारच. कामाचं वर्णन कंपनीकडून मागून घ्या आणि ते तुमच्या अनुभवाच्या पत्राशी जुळतं का पाहा.

त्या पत्राबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. अट गेल्या ५ वर्षांतल्या निदान १ वर्षाच्या पूर्णवेळ, संबंधित अनुभवाची आहे. आपल्याकडचं रिलीव्हिंग लेटर पद आणि तारखा सांगून संपतं, आणि त्यावरून तुम्ही काय काम करत होता हे कळत नाही. लेटरहेडवर कामांची यादी, आठवड्याचे तास आणि सही करणाऱ्याचा हुद्दा हवा. जोडीला पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६, पीएफचं पासबुक. एचआरने असं पत्र द्यायला नकार दिला तर तुमच्या वरिष्ठांकडून नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र घ्या, पण ते पगाराच्या पुराव्यासोबतच जोडा.

इंग्रजीसाठी आयएलटीएसमध्ये एकूण ५ आणि चारही भागांत किमान ५ लागतात. माध्यमिक किंवा उच्च शिक्षणाची मिळून ५ वर्षं पूर्णवेळ इंग्रजीतून झाली असतील तर परीक्षा लागत नाही. त्यामुळे दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेल्यांनी घाबरू नये: अकरावी-बारावी विज्ञान आणि ४ वर्षं इंजिनीअरिंग, झाली ६ वर्षं. कॉलेजकडून माध्यमाचा दाखला घ्या, म्हणजे झालं. बारावीपर्यंत मराठी आणि पुढे ३ वर्षांची पदवी असेल तर मात्र परीक्षा द्यावी लागते.

पैशांच्या बाबतीत स्पष्टच बोलायला हवं. प्रशिक्षण निधीची लेव्ही कंपनीनेच भरायची असते: उलाढाल १ कोटी डॉलरच्या आत असेल तर वर्षाला १,२००, नाहीतर १,८००. ४ वर्षांचा व्हिसा असेल तर त्याचे ४,८०० किंवा ७,२०० डॉलर नॉमिनेशनच्या वेळीच भरावे लागतात. ही रक्कम तुमच्या पगारातून कापणं बेकायदा आहे. ‘स्पॉन्सरशिपचे इतके लाख’ मागणं तिथे गुन्हा आहे, त्याला २ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि पैसे देणाराही सुटत नाही, त्याला दंड होऊ शकतो, व्हिसा रद्द होऊ शकतो. शेत गहाण टाकून असे पैसे भरणाऱ्या घरांसाठी जीव तुटतो, कारण फसवणूक झाल्यावर तक्रार करायलाही तोंड उरत नाही. सल्लागार ऑस्ट्रेलियात नोंदणीकृत आहे का, हे त्याच्या एमएआरएन क्रमांकावरून सरकारी यादीत फुकट तपासता येतं.

तिन्ही अर्ज एकाच वेळी दाखल करता येतात, पण नॉमिनेशन नाकारलं गेलं तर व्हिसा मिळत नाही, आणि व्हिसाची फी सहसा परत येत नाही. ती मुख्य अर्जदाराचीच तीन हजार डॉलरच्या वर आहे. घरचे सोबत असतील तर नॉमिनेशन मंजूर झाल्यावरच व्हिसाचा अर्ज करा, असंच मी म्हणेन. महिना-दोन महिने उशीर परवडतो.

तिथे पोचल्यावर ९० दिवसांत कामावर रुजू व्हावं लागतं. नोकरी गेली तर एका वेळी १८० दिवस, आणि संपूर्ण व्हिसाकाळात मिळून ३६५ दिवस हाताशी असतात. तेवढ्यात नवा स्पॉन्सर शोधायचा. दरम्यान दुसरीकडे काम करता येतं, वेगळ्या व्यवसायातही. नव्या कंपनीने फक्त नवं नॉमिनेशन करायचं. जुन्या व्हिसाची मुदत उरली असेल तर नवा व्हिसा लागत नाही. मान्यताप्राप्त स्पॉन्सरकडे केलेलं काम १८६च्या कायम व्हिसासाठी लागणाऱ्या २ वर्षांत धरलं जातं, मग कंपन्या बदलल्या तरी चालतं. म्हणून प्रत्येक कंपनी सोडताना कामांच्या यादीचं पत्र तिथेच, शेवटच्या दिवसाआधी घ्या.